पस्तीस इंची चाकं, चौदा किलोमीटरचा चढ

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. तारीख आणि वेळ रोज घालायची. खाडाखोड नाही.

परिस्थिती अशी. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन गुरुवारी झालं. दहा आठवडे क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबा गेली बावीस वर्षं स्वतःच्या गाडीतून हवामान केंद्राच्या माणसांना रोज सकाळी डोंगरावर नेतात आणि रात्रपाळीच्या माणसांना खाली आणतात. सध्या हे काम एक भाड्याचा गाडीवाला हंगामी म्हणून करतोय. पण बाबांनी दवाखान्यातल्या खाटेवरूनच केंद्राच्या मॅडमना शब्द दिला आहे, की पायाचा भरवसा नाही, १ एप्रिलपासून माझा मुलगा गाडी चालवेल. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, पण आधी २७ मार्चला एक फेरी करून दाखवू दे. जमलं तर काम तुमच्याच घरात राहील. नाही तर भाड्याच्या गाडीवाल्याने लेखी अर्ज दिलेला आहेच.

बाबांनी मला विचारलं, जमेल ना रे. मी म्हटलं, बाबा, डिप्लोमाचं एक वर्ष झालंय माझं. त्यांनी डोळे मिटले. गुंगीच्या औषधाचा परिणाम.

काल संध्याकाळी नवीन रजिस्टर आणलं. रकाने आखले: तारीख, वेळ, अंतर, चालक, शेरा. एप्रिल, मे, जून मिळून एक्क्याण्णव दिवस. चालकाच्या रकान्यात माझं नाव आत्ताच लिहून ठेवलं. शाईने. रोज सकाळी तेवढाच वेळ वाचेल.

२४ जानेवारी, शनिवार

गाडीची तपासणी केली. इंजिन ठीक. फोर-व्हीलचा दांडा (तो टाकला की चारही चाकांना जोर मिळतो) ठीक. टायर मात्र बघवत नाहीत. अंगणवाडीतल्या पोरांच्या पायांसारखे बारीक. अशा टायरवर बाबा बावीस वर्षं डोंगर कसे चढले, ही माझ्या मते नशिबाची गोष्ट आहे. नशिबावर मी अवलंबून राहणार नाही.

दुपारी तीस इंचांचे काढून पस्तीस इंचांचे बसवले. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक थोडं कापावं लागलं. टायरवाला म्हणाला, भाऊ, आता गाडी दिसतेय गाडीसारखी. या क्षेत्रातल्या माणसाचं मत आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

जुने टायर तिथेच टाकून येणार होतो. बाबांनी फोनवर सांगितलं, घेऊन ये. चारही आणले, व्हरांड्यात एकावर एक रचले. जागा उगाच अडली.

आईला भाजी आणायला गाडीतून नेलं. तिला चढता येईना. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. धाकटीने विचारलं, दादा, उतरताना आईला दोर लावायचा का? धाकटीला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

२७ जानेवारी, मंगळवार. रात्री जेवणानंतर

महत्त्वाचा शोध.

घर ते गोडाऊन हे अंतर नेहमी ८.४ किमी भरतं. (मी कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पार्सलांचे पत्ते लिहितो. चार वर्षांत एकही पार्सल पत्त्याच्या चुकीमुळे परत आलेलं नाही.) आज ७.२ भरलं. येतानाही ७.२. रस्ता तोच, वळणं तीच.

बराच विचार करून कारण सापडलं. लहान चाक प्रत्येक खड्ड्यात उतरतं आणि पुन्हा वर येतं. मोठं चाक खड्ड्यावरून सरळ निघून जातं. म्हणून अंतर वाचतं. रोजचे २.४ किमी. वर्षाचा हिशेब करून बाबांना दाखवला. बाबा जुन्या टायरांवर बसून चहा पीत होते. त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि चहा पुढे प्यायले.

३० जानेवारी, शुक्रवार

उड्डाणपुलाच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दमली. दुसरा टाकला. तरी रांगत होती. शेजारून पेपर टाकणारा सायकलवाला पुढे गेला. जाताना त्याने वळून बघितलं.

कारण: पेट्रोल भेसळीचं असावं. पंप बदलायचा.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.३०

पंप बदलला. फरक नाही. म्हणून मिस्त्रींकडे गेलो. बाबांची गाडी पहिल्यापासून तेच बघतात. त्यांनी टायरांकडे पाहिलं आणि म्हणाले, या इंजिनिअर. माझ्या शिक्षणाची कदर करणारी माणसं कमी आहेत, त्यांतले एक.

त्यांचं म्हणणं असं. चाक मोठं झालं की त्याला फिरवायला जोर जास्त लागतो, आणि इंजिन तेच आहे. सायकलला मोठं चाक लाव आणि चढावर जाऊन बघ, तुझ्या मांड्याच सांगतील तुला. यावर उपाय दोन. पहिला, जुने टायर परत लाव, फुकट. दुसरा, पुढचा आणि मागचा क्राऊन-पिनियन बदल. (क्राऊन-पिनियन म्हणजे ॲक्सलच्या पोटातले दोन गिअर. इंजिन किती फिरलं म्हणजे चाकाने किती फिरायचं, हे तेच ठरवतात.) पण त्याआधी बाबांना विचार, या गाडीच्या पोटात काय आहे ते.

मी म्हटलं, सुपरचार्जर बसवला तर? म्हणजे इंजिनाला जादा हवा, आणि जादा ताकद. त्यांनी चहाचा कप संपवला, धुतला, पुसला, जागेवर ठेवला, आणि मग म्हणाले, थकलेल्या हमालाच्या कानात भोंगा वाजवलास तर तो पळेल रे दोन पावलं. पण पाठीवरचं पोतं कमी केलंस तर घरापर्यंत जाईल.

बोलायला छान आहे. पण मला आकडे लागतात.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तक्ता केला. डाव्या बाजूला सुपरचार्जर, उजव्या बाजूला क्राऊन-पिनियन. पट्टीने आखला. सुपरचार्जरच्या बाजूला अकरा फायदे निघाले. क्राऊन-पिनियनच्या बाजूला तीन, आणि त्यांतला एक म्हणजे "मिस्त्री म्हणतात". शिवाय क्राऊन-पिनियन बाहेरून दिसत नाही.

मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे बाबांना विचारायला गेलो. बाबा टायरांवर बसले होते. क्राऊन-पिनियन म्हणशील तर, असं त्यांनी सुरू केलं. मी म्हटलं, बाबा, एक मिनिट, तक्त्यातली एक ओळ राहिली आहे. ती आखून परत आलो तेव्हा ते आत झोपायला गेले होते.

विचारायचं होतं, विचारलं. त्या कामावर खूण केली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय: सुपरचार्जर. ऑनलाइन मागवला. बसवायला सोपा, कुठल्याही गाडीला चालतो, ताकद पस्तीस टक्के जास्त. टायर पस्तीस इंची, ताकद पस्तीस टक्के. आकडे जुळले की माझ्या मनाला शांतता मिळते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७

सुपरचार्जर आला. खोकं अपेक्षेपेक्षा हलकं. आत मुठीएवढा पंखा आणि एक वायर. सूचनांच्या कागदावर शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका होत्या. लाल पेनने दुरुस्त करून फाइलला लावला. हवा जाण्याच्या नळीत पंखा बसवला. पाऊण तासाचं काम.

चाचणी: फाटकापासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत आधी अकरा सेकंद लागायचे, आता नऊ. धाकटी घड्याळ धरून उभी होती. ती म्हणते, हसू आवरेना म्हणून मी घड्याळ उशिरा चालू केलं. तिची साक्ष ग्राह्य धरलेली नाही.

पिकअप स्पष्टपणे वाढला आहे. पायालाच जाणवतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शाळेजवळ दंड झाला. वेगाची मर्यादा चाळीस. माझा काटा अडतीसवर होता, मी शपथेवर सांगतो. हवालदार म्हणाला, आमच्या मशीनमध्ये चव्वेचाळीस आलंय. मी म्हटलं, तुमचं मशीन तपासून घ्या. तो म्हणाला, आधी तुझं तपास. मग त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, आणि पावती फाडत म्हणाला, हौस आहे बाबा लोकांना.

निष्कर्ष: सुपरचार्जरची ताकद इतकी आहे की जुन्या काट्याला ती पेलत नाही. अभिमानाची गोष्ट आहे, पण शाळेजवळ जपायला हवं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उड्डाणपूल. तोच सायकलवाला पुन्हा पुढे गेला. आज त्याच्या कॅरिअरवर गठ्ठा होता.

मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ वाकून बघितलं आणि मला हाक मारली. या इंजिनिअर, जरा दर्शन घ्या. पंख्याची वायर मोकळी लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती. म्हणजे तेरा तारखेपासून पंखा एकदाही फिरलेला नाही.

मग त्यांनी ती जोडून दाखवली. कानाशी डास आल्यासारखा आवाज झाला. मिस्त्री म्हणाले, चांगला आहे की, बायकोचे केस वाळवायला बरा. तुझं लग्न झालंय का?

पायाला जे जाणवलं होतं ते नक्की काय होतं, याचा विचार सध्या करत नाही.

पंखा काढून घरी आणला. धाकटीने तो जुन्या बॅटरीला जोडून नेलपॉलिश वाळवायला घेतला आहे. ती म्हणते, पस्तीस टक्के लवकर वाळतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सुपरचार्जर हा मुळात माझा विचार नव्हताच, जाहिरातीचा होता. माझा कल पहिल्यापासून क्राऊन-पिनियनकडे होता. जुन्या तक्त्याचं पान काढून नवीन तक्ता केला. आता क्राऊन-पिनियनच्या बाजूला चौदा फायदे निघतात.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, दोन्ही सेट मागवायला महिना लागेल. मी म्हटलं, २७ मार्च आहे मिस्त्री, परीक्षा आहे. ते म्हणाले, मग जुने टायर लाव की राजा, दोन तासांचं काम आहे. टायरवरून मागे जाणं मला पटत नाही. भाड्याचा गाडीवाला काय म्हणेल?

गोडाऊनमध्ये राजीनामा दिला, ३१ मार्चपासून. सुपरवायझरने एका मिनिटात मंजूर केला. शेऱ्यात "स्विकृत" असं लिहिलं होतं. दुसरी वेलांटी हवी म्हणून मी परत पाठवला. त्याने ती दिली. चार वर्षांचा सहवास, त्यालाही जड गेलं असणार, कारण तो लगेच पाठ फिरवून पार्सलं मोजायला लागला.

५ मार्च, गुरुवार

बायपासवरच्या गॅरेजमध्ये क्राऊन-पिनियनचा सेट मिळाला! एकच, पण मिळाला.

शांतपणे विचार केला. रोजच्या रस्त्यावर गाडी मागच्या चाकांनी ढकलली जाते. पुढची चाकं फक्त वळायला असतात. म्हणजे जोर मागे हवा. म्हणून मागचा बदलायचा आणि पुढचा तसाच ठेवायचा. तर्कात कुठेही चूक दिसत नाही.

मिस्त्रींना शिष्टाचार म्हणून कळवलं. ते फोनवर ओरडलेच. अरे बाबा, दोन्ही नाही तर एकही नाही! फोर-व्हील टाकलंस की पुढचं चाक एका चालीने जाईल आणि मागचं दुसऱ्या. दोन जण जिन्यावरून कपाट उतरवतायत, एक पळतोय आणि एक टेकतोय, काय होईल? मी म्हटलं, कपाट उतरेल. त्यांनी फोन ठेवला. स्वतःकडे माल नसला की माणूस असं बोलतो.

गॅरेजवाल्याने मागचा जुना सेट काढला, त्याचे दाते मोजले आणि डोकं खाजवलं. म्हणाला, हा कंपनीचा नाही दिसत. मी म्हटलं, जुना आहे, झिजला असेल. तो म्हणाला, दाते झिजतात भाऊ, कमी-जास्त होत नाहीत. मला उशीर होत होता.

जुना सेट घरी आणला, तेल पुसलं, खोक्यात ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: "जुना सेट. निरुपयोगी. टाकून देणे." खोकं बाबांच्या टायरांशेजारी ठेवलं. बाबांनी चिठ्ठी वाचली, आणि खोकं आपल्या बाजूला ओढून घेतलं.

१० मार्च, मंगळवार. सकाळी ९.१५

विजय.

उड्डाणपूल तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. सायकलवाला मागे राहिला. मी आरशात बघितलं, पण हॉर्न वाजवला नाही. मोठेपणा.

पंपावर भाड्याचा गाडीवाला भेटला. त्याने टायरवर थाप मारली, म्हणाला, एकदम हत्ती केलास की गाडीचा. वर किती नंबरच्या वळणापर्यंत गेलास? मी म्हटलं, अजून वर नेली नाही, तयारी चालू आहे. तो म्हणाला, अच्छा, तयारी. आणि पेट्रोल न भरताच निघून गेला. घाबरला असावा.

१५ मार्च, रविवार

बाबा काठी घेऊन पहिल्यांदाच अंगणात उतरले. गाडीभोवती फिरले. मग दार उघडून आत बसायला गेले. डावा पाय उचलला, पण पायरीपर्यंत पोहोचेना. स्टूल आणलं. आईने खालून पाठीला हात लावला. गुडघा वाकेना. दोनदा प्रयत्न केला. मग म्हणाले, राहू दे, आणि टायरांवर जाऊन बसले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, चौथ्या वळणाला काय करशील? मी म्हटलं, दुसरा गिअर. ते म्हणाले, आणि फोर-व्हील. तिथे सुटे दगड आहेत. मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी विचारलं, टाकून बघितलंस का, एकदा तरी? मी म्हटलं, उगाच वापरून झिजवत नाही, त्या दिवसासाठी राखून ठेवलंय.

बाबा म्हणाले, माझं ऐक, आणि थांबले. आई चहा घेऊन आली. पुढे काय म्हणणार होते ते राहून गेलं. पुन्हा कधीतरी विचारायचं.

२६ मार्च, गुरुवार. दुपारी ४

सगळी तयारी झाली. शर्टाला इस्त्री. रजिस्टर पिशवीत. दोन्ही तक्तेही पिशवीत, मॅडमनी काही तांत्रिक विचारलं तर. स्टूल डिकीत.

तीन वेळा हवा तपासली.

२७ मार्च, शुक्रवार. पहाटे ५.२०

निघतोय. बाबा फाटकापर्यंत आले. बॉनेटवर हात ठेवला.

२७ मार्च. संध्याकाळी ५

जे झालं ते क्रमाने.

६.०० मॅडम आल्या. सोबत नव्या उपकरणाचं काचेचं खोकं. मागे दोन निरीक्षक. मॅडमना स्टूल दिलं. त्या चढल्या, मग खाली बघून म्हणाल्या, हे स्टूलही रोज येणार का?

६.२५ पहिली तीन वळणं उत्तम. मॅडमनी विचारलं, अंतर किती झालं? मी काट्यात बघून सांगितलं. त्या म्हणाल्या, कसं शक्य आहे, इथे पाच किलोमीटरचा दगड आहे. मी खड्ड्यांचं कारण समजावून सांगायला लागलो.

६.३० चौथं वळण. सुटे दगड. फोर-व्हीलचा दांडा टाकला.

त्यानंतर गाडीने काय केलं हे लिहिणं अवघड आहे. पुढच्या भागाला ऑफिसला जायचं होतं आणि मागच्या भागाला घरी. सगळी गाडी कुथायला लागली. मागच्या निरीक्षकाने विचारलं, हे असंच असतं का? मी म्हटलं, गाडी जोर घेतेय. मग खालून कडाड् आवाज झाला आणि गाडी वळणावर आडवी थांबली. रस्ता पूर्ण बंद.

६.३५ मागून भाड्याचा गाडीवाला आला. मॅडमनी त्याला खबरदारी म्हणून मागे ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पण माझ्या गाडीमुळे त्यालाही पुढे जाता येईना. तो उतरला, टायरला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, हत्ती बसला वाटतं.

निरीक्षक चालत वर गेले. नऊ किलोमीटर. वरची रात्रपाळीची माणसं तेवढा वेळ जास्त थांबली आणि मग चालत खाली आली. मॅडम काचेचं खोकं मांडीवर घेऊन दगडावर बसून राहिल्या, कारण ते हातात धरून चालत नेण्यासारखं नव्हतं. वेळ जावा म्हणून माझी पिशवी मागून घेतली, रजिस्टर बघितलं, तक्ते बघितले. एक्क्याण्णव ठिकाणी लिहिलेलं माझं नाव बघितलं. विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी म्हटलं, माझं. त्या हूं म्हणाल्या.

१०.०० मिस्त्री आले. गाडीखाली गेले. पुढच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा सांधा, तुटला होता. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे जास्त वाईट. फक्त म्हणाले, कपाट उतरलं बघ, इंजिनिअर. पुढची शाफ्ट सोडून गाडी मागच्या चाकांवर खाली आणली. त्यांनीच चालवली. मी शेजारी बसलो.

घरी आलो. आईने जेवायला वाढलं. कारण काय लिहावं ते सुचत नाही.

२८ मार्च, शनिवार. सकाळी

बाबा बोलले. मी मध्ये बोललो नाही.

ते म्हणाले, या गाडीचा क्राऊन-पिनियन मी वीस वर्षांपूर्वीच बदलून घेतलाय. मागचा आणि पुढचा, दोन्ही. खास डोंगरासाठी, चढाला जोर मिळावा म्हणून. टायर बारीक ठेवले कारण वरचा रस्ता अरुंद आहे आणि बारीक टायर दगडांत शिरून पकड घेतो. गाडीत जे हवं होतं ते सगळं होतं रे. तू फक्त चाकं मोठी केलीस, आणि मग त्या चाकांवर औषध शोधत बसलास.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? बाबांनी वहीकडे बोट केलं. मी ३ फेब्रुवारीचं पान उघडलं. मग १५ मार्चचं. मग वही बंद केली.

काटा चुकीचं अंतर का दाखवत होता, तेही त्यांनी सांगितलं. चाक मोठं, म्हणजे एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण काटा जुन्या चाकाच्याच हिशेबाने मोजतो. खड्ड्यांचा काही संबंध नाही.

वर्षाचा हिशेब केला होता तो कागद फाडला. फाडताना सरळ फाटला.

२९ मार्च, रविवार

मिस्त्री घरी आले. बाबा टायरांवरून उठले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या ढिगावर कुणी बसलेलं नव्हतं.

चारही जुने टायर बसवले. नवीन क्रॉस बसवला. मग मिस्त्रींनी परत बसवायला मागचा जुना सेट मागितला. मी खोकं पुढे केलं. चिठ्ठी काढायची राहिली होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली: जुना सेट, निरुपयोगी, टाकून देणे. म्हणाले, वा, एकही चूक नाही.

संध्याकाळी बाबांनी दार उघडलं आणि स्वतः आत बसले. स्टूल नाही, काठी नाही. क्लच दाबून बघितला. दहा आठवडे गुरुवारीच पूर्ण झाले. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, जपून चालवा, हरकत नाही. आईने स्टूल स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि त्यावर बसून कांदा चिरला.

३० मार्च, सोमवार

मॅडमचा बाबांना फोन. बुधवारी एक फेरी, शेवटची संधी. चालक म्हणून तुम्ही. आणि त्या मुलालाही आणा, रजिस्टर घेऊन.

माझ्या तक्त्यांची छाप पडलेली दिसते. तांत्रिक सल्लागार वगैरे काही असेल का? शर्टाला पुन्हा इस्त्री केली.

१ एप्रिल, बुधवार. दुपारी १२

बाबांनी फेरी केली. सगळी दुसऱ्या गिअरमध्ये. चौथ्या वळणावर फोर-व्हीलचा दांडा दोन बोटांनी टाकला, तेव्हा ते मॅडमना गुडघ्याच्या व्यायामाबद्दल सांगत होते. वाक्य तुटलं नाही.

७.०५ ला वर पोहोचलो. अंतर १४.२. बाबांच्या बावीस वर्षांच्या सगळ्या जुन्या वह्यांत हाच आकडा आहे. रस्ता होता तेवढाच आहे.

मॅडमनी निकाल सांगितला. काम आमच्याकडेच, आणखी एक वर्ष, बाबांच्या नावावर. मी बाबांच्या शेजारी बसायचं, शिकायचं. परतीच्या वाटेवर डोंगर संपला, सपाटी लागली, की तिथून पुढे मी चालवायची. आणि केंद्राची रोजची नोंदवही मी लिहायची, कारण मॅडमच्या म्हणण्यानुसार बावीस वर्षांत बाबांचं अक्षर कुणालाही वाचता आलेलं नाही. बाबा म्हणाले, मला येतं ना, बस झालं.

सल्लागार म्हणाल्या नाहीत. पण नोंद ही तांत्रिकच बाब आहे.

खाली आलो तर भाड्याचा गाडीवाला दारात उभा. काम गेलं म्हणून भांडायला आला असेल असं वाटलं. त्याने विचारलं, ते हत्तीचे टायर विकतोस का? माझ्या गाडीला झकास दिसतील. मी दिले. पिकअप कमी वाटला तर काय करायचं तेही समजावून सांगितलं. धाकटीने पंखा द्यायला मात्र साफ नकार दिला.

२ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.२५, गाडीत

अक्षर हलतंय, कारण गाडी चालू आहे. मागे दोन निरीक्षक पेंगतायत.

रजिस्टर मांडीवर आहे. चालकाच्या रकान्यात एक्क्याण्णव ठिकाणी माझं नाव आहे. शाईने. खाडाखोड करायची नाही असं ठरवलं होतं, पण खोटी नोंद त्याहून वाईट. म्हणून पट्टी घेऊन एकेका नावावर रेघ मारतोय आणि शेजारी बाबांचं नाव लिहितोय. कालचं झालं. आजचं झालं. एप्रिलचा पहिला आठवडा झाला. रेघा सरळ येतायत.

जूनमधली एक-दोन पानं तशीच ठेवावीत का, असा विचार आहे. तोपर्यंत माझा हात बसेल. चौथ्या वळणाला काय करायचं ते मला आता पूर्ण माहीत

बाबांनी पट्टीवर हात ठेवला. थांब, वळण येतंय, असं म्हणाले.

थांबलो.